पहिली पायरी: हात लावू नका

हर्षदा सोनवणे लेखिका होती, पण हे चारचौघांत सांगायची तिला सोय नव्हती. लग्नकार्यात कुणी विचारलं, "काय करतेस गं हल्ली?" आणि हिनं "लिहिते" म्हटलं, की समोरच्या बाईचे डोळे चमकायचे. "अगंबाई! कथा की कविता?" मग हर्षदा खुलासा करायची, की यंत्राबरोबर खोक्यात एक पुस्तक येतं ना, ते मी लिहिते. नेमकं तेव्हाच त्या बाईंना कोशिंबीर वाढायला जायचं असायचं.

तिचे वडील दिगंबर सोनवणे, म्हणजे अख्ख्या सिन्नरचे अण्णा, ते तर तोंडावर म्हणायचे, "हर्षे, तुझं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला एक माणूस दाखव. त्याला वर्षाचा मसाला फुकट भाजून-कांडून देतो."

आता ही पुस्तकं दोन जातींची असतात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एक वापरपुस्तिका. ती माणसापासून सुरू होते. तुम्ही खोकं उघडलंत, आता आधी हे करा, मग ते करा, असा आवाज आला तर घाबरू नका, असं बोट धरून ती तुम्हाला पुढं नेते. दुसरी संदर्भपुस्तिका. ती यंत्रापासून सुरू होते. यंत्रातलं प्रत्येक बटण, प्रत्येक आकडा, प्रत्येक मर्यादा तिच्यात असायलाच हवी. ती कुणी वाचत नाही. अडलं की उघडून बघतात आणि मिटून ठेवतात. हर्षदा या दुसऱ्या जातीत पटाईत होती. तिच्या संदर्भपुस्तिकेत एक आकडा चुकलेला सापडायचा नाही. वापरपुस्तिका मात्र तिला बाळबोध वाटायची. 'झाकण उघडा, झाकण लावा' हे लिहायला काय अक्कल लागते?

नाशकात अंबडला ती ज्या कंपनीत होती, तिथं 'परिमळ' नावाचं नवं यंत्र तयार झालं तेव्हा वापरपुस्तिका लिहायची की नाही यावर बैठक बसली. परिमळ फोनवरून चालवायचं, आणि त्या फोनमध्ये बोलणारा मदतनीस होता. कुणीही काहीही विचारावं, त्यानं संदर्भपुस्तिकेतलं नेमकं वाक्य शोधून वाचून दाखवावं. मग वेगळी वापरपुस्तिका हवी कशाला? विभागप्रमुख इनामदार मॅडमनी सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यात आधी 'नको' म्हणून मान हलवली ती हर्षदानं.

परिमळ म्हणजे कृत्रिम नाक. नाकाच्या आत, वरच्या छताला, वास ओळखणाऱ्या सुमारे चारशे प्रकारच्या पेशी असतात. चहाची वाफ आत गेली की त्यातल्या काही जाग्या होतात, कांदा चिरला की दुसऱ्या काही. दारावर एकदम पंधरावीस घंटा वाजाव्यात आणि कुठल्या वाजल्या यावरून आतल्या माणसानं पाहुणा ओळखावा, तसा मेंदू वास ओळखतो. एखाद्या विषाणूनं या पेशींची वाट लावली की घंटा वाजतच नाहीत. परिमळचा गव्हाएवढा संवेदक नाकपुडीत बसतो, हवेतले रेणू ओळखतो आणि कपाळामागं बसवलेल्या केसाएवढ्या बारीक तारांमधून थेट मेंदूच्या गंधकेंद्राला टोचणी देतो. घंटा पुन्हा वाजायला लागतात. फक्त त्या चारशे नसतात, शंभरच असतात, आणि जुन्या जागी टांगलेल्या नसतात. कुठली घंटा कुणाची, हे मेंदूला पहिल्यापासून शिकावं लागतं.

आणि हे नाक हर्षदानं हट्टानं बसवलं होतं ते अण्णांना.

अण्णांचं सिन्नरला बसस्टँडच्या मागं मिरची-मसाला कांडप होतं. कांडप यंत्रं गावात आणखीही होती, पण अण्णा मसाला भाजूनही द्यायचे. उन्हाळा लागला की बाया पिशव्या घेऊन यायच्या. मिरच्या, धने, खोबरं, दगडफूल, वाळवलेला कांदा. प्रत्येकीचं माप वेगळं, प्रत्येकीच्या सासरची रीत वेगळी. अण्णा कढईशी बसायचे ते डोळे मिटून. "रंग लबाड असतो," म्हणायचे. "धन्याचा कच्चा वास जातो आणि दुसरा येतो, त्या दोहोंच्या मधे कढई उतरवायची."

दोन वर्षांपूर्वी त्यांना कसलासा ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. आधी त्यांनी हसण्यावारी नेलं. मग शेजारच्या मालनकाकूंचं खोबरं जळालं. मालनकाकू तीस वर्षांच्या गिऱ्हाईक, तो कडूजार मसाला त्यांनी वर्षभर निमूट खाल्ला आणि विचारलं की म्हणायच्या, "चांगला झालाय भाऊ, चांगला झालाय." त्यांचा चेहरा बघून अण्णा काय ते समजले. त्यांनी कढई उपडी घातली आणि दुकानाला कुलूप लावलं. बायको गेल्यानंतरही जो माणूस चौथ्या दिवशी दुकानात जाऊन बसला होता, तो आता दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागला. हर्षदाला ते बघवत नव्हतं. म्हणून हे नाक.

श्रावण संपत आला होता. शुक्रवारी अण्णांचा फोन आला.

"मंगळवारची वेळ घेतलीय खैरनार डॉक्टरांची," ते म्हणाले. "हे नाक काढून टाकतोय."

"काढून? अण्णा, महिना पण नाही झाला!"

"महिना पुष्कळ झाला."

परिमळ एकदा काढलं, की त्या जागी व्रण धरतो आणि दुसरी तार तिथं कधीच बसत नाही. हे हर्षदाला पक्कं माहीत होतं, कारण ते वाक्य तिनंच लिहिलं होतं. मंगळवारी ते निघालं की अण्णांचं नाक जन्माचं गेलं, आणि नाकाबरोबर कढई, दुकान, सगळंच. शनिवारी सकाळी पहिली विजेवरची बस धरून ती सिन्नरला पोचली.

अण्णा अंगणात चहा घेऊन बसले होते. चहा पीत नव्हते, नुसता धरून बसले होते. हर्षदानं आणलेली जिलबी बघून त्यांनी हात वर केला.

"लांब ठेव. ओल्या सिमेंटचा वास येतो जिलबीला."

"आणि चहाला?"

"थांब, तुझ्या मदतनीसाकडूनच ऐक." अण्णांनी फोन तोंडाजवळ नेला. "परिमळ, चहाला केस जळल्याचा वास येतोय."

फोनमधून गोड आवाज आला. "केस जळल्यासारखा गंध प्रामुख्याने सत्तावन्नाव्या वाहिनीशी निगडित असतो. वाहिनीची तीव्रता शून्य ते शंभर या मर्यादेत बदलता येते. बदल तात्काळ लागू होतो."

वाहिनी म्हणजे त्या शंभरातली एक घंटा. वाक्य हर्षदाचं होतं. 'निगडित' या शब्दासाठी ती तपासणीवाल्याशी अर्धा तास भांडली होती. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"बघ," अण्णा म्हणाले. "मग मी सत्तावन्न खाली घेतो. चहा जरा सुधारतो. पण मग कांद्याला फिनेलचा वास यायला लागतो. विचारलं की हा म्हणतो, बत्तीस. बत्तीस खाली घेतला तर अंगाच्या साबणाला मेलेला उंदीर! मग एकोणनव्वद."

"अण्णा, हे रोज बदलता तुम्ही?"

"रोज कशाला? तासातासाला. रिकामाच तर असतो."

हर्षदाला आता सगळा उलगडा झाला. मेंदू बिचारा शिकायला बसला होता. सत्तावन्नावी घंटा वाजली की चहा, एवढं त्यानं पाठ केलं न केलं, तोच अण्णा उठून घंटांच्या जागा बदलत होते. पुन्हा पहिल्यापासून अभ्यास. आणि अनोळखी घंटा वाजली की मेंदू चोर आल्यासारखा दचकतो. त्याच्या लेखी प्रत्येक अनोळखी वास म्हणजे काहीतरी जळतंय, नाहीतर सडतंय. माणसानं काही केलं नसतं तर दीड-दोन महिन्यांत हे सगळं आपोआप जागेवर आलं असतं.

तिनं फोन हातात घेतला. "परिमळ, वाहिन्या सारख्या बदलल्या तर काय होतं?"

"जुळणीकाळात वाहिन्यांमध्ये बदल टाळावा. प्रत्येक बदलानंतर जुळणीकाळ नव्याने सुरू होतो."

अण्णा ताडकन उठले. "हे त्यानं मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही, अण्णा."

"अगं, मला काय माहीत काय विचारायचं ते! माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?"

हर्षदानं नुसतं एवढंच सांगितलं, की सगळ्या वाहिन्या मूळ जागी नेऊ आणि दोन महिने कशाला हात लावायचा नाही. अण्णांनी मान हलवली, पण आडवी.

"तू म्हणालीस म्हणून डोक्यात तार घालून घेतली. आता तूच म्हणतेस काही करू नका. रोज पहाटे मला वाटतं घर पेटलंय. उठतो, सगळ्या खोल्या फिरून येतो. काही नसतं. पुन्हा आडवा होतो, पुन्हा वाटतं पेटलंय. बिननाकाचं परवडलं, पोरी. खोटारडं नाक नको मला. मंगळवार म्हणजे मंगळवार."

रविवारी हर्षदा स्वतःच्या टेबलाशी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वापरपुस्तिका लिहायला घेतली. 'पायरी पहिली: काही करू नका.' पडद्यावर लगेच लाल रेघ आली. कंपनीचा शैली-तपासनीस म्हणजे भारी खडूस प्रोग्रॅम. लिहिलेलं प्रत्येक वाक्य तो नियमावर घासून बघायचा. त्याची चिठ्ठी आली, 'या पायरीत कृती नाही. दाबा, फिरवा, उघडा यांसारखे क्रियापद वापरा.' हर्षदानं तो बंद केला.

सोमवारी ती इनामदार मॅडमसमोर उभी राहिली.

"वापरपुस्तिका नको असं सगळ्यात आधी तूच म्हणाली होतीस," मॅडम म्हणाल्या.

"हो. चुकलं माझं."

"लोक पुस्तक वाचत नाहीत, हर्षदा. आणि 'काही करू नका' असं छापायचं? लोक म्हणतील, मग यंत्र विकलंत कशाला?"

"मॅडम, एकच बघू. किती जण परिमळ काढून मागतायत आणि त्यांनी वाहिन्या किती वेळा बदलल्यात."

मॅडम तशा सरळ बाई. आकडे समोर आले की त्या मानणाऱ्या. त्यांनी नोंदी उघडल्या. काढून मागणारे सगळे शहाणे, हौशी, प्रश्न विचारणारे लोक होते आणि सगळ्यांनी वाहिन्या फिरवून फिरवून झिजवल्या होत्या. खुशीत होते ते आळशी. त्यांनी सेटिंग कधी उघडलंच नव्हतं. यवतमाळकडच्या एका गृहस्थांचा तर फोनच नाक बसवल्यावर आठवडाभरात विहिरीत पडला होता. त्यांना आता मोगऱ्याचा आणि निशिगंधाचा वास वेगळा ओळखू येत होता.

"म्हणजे विहिरीनं नाक वाचवलं म्हण की," मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे आपल्या संदर्भपुस्तिकेत नाही का?"

"आहे. दोनशे कितव्या तरी पानावर. तिच्यात सगळं आहे, मॅडम. फक्त ती विचारल्याशिवाय बोलत नाही."

"मग बोलणारी लिही. मदतनीसालाही तीच आधी शिकवू. पण एक अट आहे. त्या पुस्तिकेच्या आधारानं शेवटपर्यंत गेलेला एक तरी माणूस मला दाखव. त्याशिवाय बाहेर जाणार नाही."

हे ऐकून हर्षदाला हसावं की रडावं कळेना. शेवटपर्यंत वाचलेला एक माणूस! अण्णा वर्षानुवर्षं तेच तर मागत होते.

ती संध्याकाळीच सिन्नरला परतली. मालनकाकू अण्णांना भाकरी द्यायला आल्या होत्या आणि अण्णा ताटाकडं पाठ करून बसले होते. दुसऱ्या दिवशीची दवाखान्याची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. हर्षदानं पुस्तिकेचा विषयच काढला नाही.

"काकू," ती म्हणाली, "मसाला कांडून झाला की अण्णा काय सांगायचे तुम्हाला?"

"काय म्हणजे? तीस वर्षं एकच पाढा!" मालनकाकूंनी अण्णांचा आवाज काढला. "घरी गेल्यावर कागदावर पसरा, गार होऊ द्या, झाकण लावू नका, हात लावू नका."

"आणि हात लावला तर?"

उत्तर अण्णांनी दिलं. राहवलंच नाही त्यांना. "गरम मसाला डब्यात कोंबला की घाम धरतो. बुरशी येते. वर्षाचं वाटोळं. बायांना दम निघत नाही, घरी गेल्या की लगेच बरणी भरायला बसतात. म्हणून पिशवी हातात द्यायच्या आधी सांगावं लागतं. नंतर सांगून काय उपयोग?"

"पण तुमच्या दुकानात बरण्यांवर सगळं लिहिलंय की, अण्णा. हे दगडफूल, हे नागकेशर, कशात किती घालायचं. हेही त्या बरणीवरच लिहायचं होतंत."

"बरणीवर कोण वाचतं? बरणी बघतो तो ज्याला दगडफूल हवंय तो. जिच्या हातात गरम पिशवी आहे, तिला तोंडानंच सांगायला पाहिजे!"

बोलून गेले आणि थांबले. हर्षदाचे डोळे भरून आले होते.

"मी बरणीवर लिहिलं, अण्णा," ती म्हणाली. "तुमच्या हातात गरम पिशवी दिली आणि सांगितलंच नाही काही. डोक्यात कांडण चाललंय तुमच्या. ते अजून गरम आहे. त्याला गार होऊ द्या."

मालनकाकूंनी पदरानं उगाच ताटावरची माशी हाकलली. शेवटी अण्णा उठले, दारातली पिशवी उचलून आत ठेवली आणि गुरगुरले, "डॉक्टरांची वेळ रद्द करत नाही, सांगून ठेवतो. पुढं ढकलतो. दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला जर चहाला केसाचा वास आला, तर तुझं मी काहीएक ऐकणार नाही."

त्यांनी सगळ्या वाहिन्या मूळ जागी नेल्या, आणि पुस्तिका सुरू झाली. हर्षदा आठवडाभर नाशकात लिहायची, रविवारी सिन्नरला येऊन वाचून दाखवायची आणि अण्णांच्या शिव्या खायची.

"हे 'निगडित' काढ आधी."

"काढलं."

"आणि सकाळचं लिहिलंस का? पहाटे घर पेटल्यासारखं वाटेल, पेटलेलं नसतं, ते?"

"लिहिलंय. वाटलं तर उठून बघून या, हरकत नाही, असंही लिहिलंय."

"हां. ते असू दे. नाहीतर माणूस स्वतःला वेडा समजतो."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुस्तिकेत एक काम मात्र होतं: रोज एकच ओळखीची वस्तू, कुणाला तरी सोबत घेऊन हुंगा आणि तिचं नाव मोठ्यानं घ्या. त्यानं मेंदूला घंटा आणि पाहुणा यांची जोडी लावता येते. अण्णांसाठी ती वस्तू ठरली भाजलेले धने आणि सोबत ठरल्या मालनकाकू. त्या रोज सकाळी मूठभर धने परतून वाटीत घेऊन यायच्या.

"धने," काकू म्हणायच्या.

"ओला कुत्रा," अण्णा म्हणायचे.

"भाऊ, पुस्तकात लिहिलंय, वस्तूचं नाव घ्या. धने म्हणा!"

"धने म्हणतो, पण वास ओल्या कुत्र्याचा येतोय!"

गल्लीतल्या लोकांची चांगली करमणूक झाली. पंधरा-वीस दिवसांनी अण्णा म्हणाले, "ओला कुत्राच, पण जरा वाळलाय." मालनकाकूंनी तेवढ्यावर साखर वाटायची तयारी केली. मधे एक आठवडा फार वाईट गेला. सगळ्यालाच टायर जळाल्याचा वास. अण्णा जेवेनात. एकदा काकू आल्या तेव्हा फोन त्यांच्या हातात होता आणि बोट सत्तावन्नावर. काकूंनी काही न बोलता फोन काढून घेतला आणि घरी नेऊन पिठाच्या डब्यात ठेवला. हर्षदानं हे ऐकलं आणि त्याच दिवशी एक नवी पायरी घातली: 'हात शिवशिवले तर फोन विश्वासातल्या माणसाकडे द्या.' संदर्भपुस्तिकेच्या कुठल्याही पानावर हे बसलं नसतं. यंत्राला हात शिवशिवणं माहीत नसतं.

पण मनातून तिचाही धीर सुटत चालला होता. दसरा जवळ येत होता. आपण म्हाताऱ्या माणसाला उगाच आशेला लावलं का, हा प्रश्न तिला बसमध्ये, जेवताना, कुठंही गाठायचा. एकदा ती एकटीच रडलीसुद्धा.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी ती सिन्नरला आली ती थेट दुकानातच शिरली. कढई सरळ केली, घासली, शेगडीवर चढवली आणि किसलेलं खोबरं परतायला घेतलं. पुढच्या आठवड्यात धन्यांच्या जोडीला खोबरं द्यावं, असा तिचा बेत. अण्णा बाहेर ओट्यावर बसले होते. दुकानाच्या आत पाऊल टाकायला ते अजून तयार नव्हते. खोबरं परतता परतता तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. पुस्तिकेची शेवटची पायरी काही केल्या सुचत नव्हती. पुढं काय सांगायचं? नाक आलं तर काय लिहू, आणि नाही आलं तर?

"हर्षे, खोबरं!"

"काय अण्णा?"

"जळतंय!"

तिनं मान वर न करता, पाठ झालेलं म्हणून दाखवलं. "तसं वाटेल, अण्णा. जळत नसतं काही. उठून बघून यायला..."

"अगं वाटत नाही, खरंच जळतंय! उतरव कढई, उतरव!"

हर्षदानं कढईत बघितलं. वरचं खोबरं छान सोनेरी होतं. उलथनं घातलं तर खालचं काळंठिक्कर. धूर अजून नीट वरही आला नव्हता. तिनं शेगडी बंद केली, आणि मग तिच्या लक्षात आलं की अण्णा ओट्यावरून आत आलेत. उंबरा ओलांडून, थेट कढईपाशी. त्यांनी वाकून त्या धुरात तोंड घातलं आणि डोळे मिटले.

"खोबरं आहे हे," ते म्हणाले. "जळालेलं खोबरं. केस नाही, टायर नाही. खोबरं आहे गं, खोबरं!"

त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते धुरानं नव्हतं. हर्षदानं त्यांचा हात घट्ट धरला. दोन महिने रोज पहाटे खोटं घर पेटत होतं, आणि आज पहिल्यांदा काहीतरी खरं जळालं होतं. त्या नाकानं दोन्हींतला फरक सांगितला होता.

"काय जळालं वं?" मालनकाकू पदर खोचत धावत आल्या.

"खोबरं, वहिनी! लेकीनं जाळलं!" अण्णा असे ओरडले, जसं काही लेक पहिल्या नंबरानं पास झाली. मग लगेच कढई काढून घेऊन हर्षदावर डाफरले. "सरक तिकडं. कढईशी बसून कुणी लिहितं होय? धने आणा, वहिनी. तुमचेच आणा, कच्चे."

ते कढईशी बसले. धने टाकले, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात उचलला आणि कढई उतरवली.

"अगदी पूर्वीसारखा नाही," ते हळूच म्हणाले. "जरा लांबून येतो. पण आपलाच आहे. ओळखीचा आहे."

हर्षदानं डोळे पुसले आणि लॅपटॉप जवळ ओढला. "अण्णा, शेवटची पायरी काय लिहू?"

"काय लिहायचंय त्यात? लिही, आता पुस्तक मिटा आणि कामाला लागा. ते दुसरं जाडं असू दे फळीवर, लागलं तर बघू."

तिनं तसंच लिहिलं. शैली-तपासनीस पुन्हा चालू करून बघितला. पहिल्या पायरीला त्यानं लाल रेघ मारली, शेवटच्या पायरीला मात्र हिरवी खूण दिली. पुस्तिका तशीच इनामदार मॅडमकडं गेली, लाल रेघेसकट.

"मॅडमना एक माणूस दाखवायचा होता," हर्षदा म्हणाली. "शेवटपर्यंत गेलेला."

"हो की! म्हणजे तो मीच निघालो," अण्णा म्हणाले आणि क्षणभर विचारात पडले. "आणि शेवटपर्यंत वाचणाऱ्याला मसाला फुकट, असं बोलून बसलोय मी. आता स्वतःलाच काय फुकट देऊ?"

त्यांनी मालनकाकूंकडं बघितलं. मग कढईतल्या काळ्या खोबऱ्याकडं बघितलं, आणि त्यांची मान खाली गेली.

"वहिनी, तुमची पिशवी घेऊन या. मागचं एक देणं राहिलंय माझ्याकडं. वर्षाचा मसाला भाजून-कांडून देतो. फुकट. पण घरी नेल्यावर..."

"माहितीय, भाऊ," मालनकाकू दारातूनच म्हणाल्या. "गार होईपर्यंत हात लावत नाही."